बहिणीच्या व्हिसाला भावाचा व्हिसा जोडा : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
सविनय नमस्कार.

मी पुण्यात कोंढव्याला राहते. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी गेली कित्येक वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने देते. त्यांतले बहुतेक अफगाण. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत सी फॉर्म, म्हणजे त्याच्या राहण्याची सरकारी नोंद, भरायचा, हे या मुलांमुळेच मला तोंडपाठ झालं. सुट्टीवरून परतताना ती माझ्यासाठी किशमिश आणायची. त्यांचा हिरवा चहा मला आजही फिका लागतो, पण कपाला कधी नाही म्हटलं नाही.

माझ्या माळ्यावर एक निळी ट्रंक आहे. मझार-ए-शरीफच्या एका मुलाची. २०२० मध्ये कोविडमुळे वर्ग ऑनलाइन झाले, तेव्हा तो घरी गेला. "काकू, दोन महिन्यांत येतो," म्हणाला. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं. २५ ऑगस्टला, त्या वेळी भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द झाल्याचं जाहीर झालं. काही अफगाण पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या होत्या, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होता, हे मला समजतं. पण पुण्यात अर्धवट शिक्षण सोडून घरी गेलेली ती मुलं तिकडेच अडकली. ट्रंक मी अजून उघडलेली नाही.

आता दिवस थोडे बदललेत, म्हणून लिहिते आहे. एप्रिल २०२५ पासून अफगाण नागरिकांसाठी नवी व्हिसा व्यवस्था सुरू झाली. त्यात शिक्षण, व्यवसाय आणि उपचार यांसाठी व्हिसा आहे, रुग्णाबरोबर येणाऱ्या सोबत्यासाठीही आहे. १० ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत आपण काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देत असल्याचं जाहीर केलंत. त्याबद्दल मनापासून आभार. ही बातमी मी मझारला फोन करून सांगितली, तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

परदेशी जायचं म्हटलं की आपण तिकीट आणि हॉटेल बघतो. अफगाण माणूस आधी हे बघतो, की ज्या देशात जायचंय त्याचा दूतावास काबूलमध्ये आहे का. पाश्चात्त्य देशांचे दूतावास २०२१ पासून बंद आहेत. त्यामुळे मुलाखतीसाठी इस्लामाबादला किंवा तेहरानला जावं लागतं, आणि तिथे जायलाही व्हिसा हवा. म्हणजे व्हिसासाठी व्हिसा! पासपोर्टांच्या जागतिक क्रमवारीत त्यांचा पासपोर्ट कित्येक वर्षं तळाला आहे. एकेकाळी काबूलखेरीज हेरात, मझार, कंदाहार आणि जलालाबादलाही आपल्या वकिलाती होत्या. आता त्या नाहीत, पण भारताचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. त्यांना आपला देश जवळचा वाटतो त्याचं हेही एक कारण.

माझं खरं मागणं त्या मुलाच्या धाकट्या बहिणीसाठी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली, तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. नर्स किंवा सुईण होण्याचा मार्ग उरला होता, डिसेंबर २०२४ मध्ये तोही बंद झाला. तिला पुण्यात शिकायचंय. पण तिकडे बाईला ७२ किलोमीटरपलीकडे प्रवास करायचा तर महरम, म्हणजे बाप, भाऊ किंवा नवरा, बरोबर लागतो. मार्च २०२२ पासून एकट्या बाईला विमानातही चढू देत नाहीत. त्यामुळे तिच्या हातात नुसता स्टुडंट व्हिसा पडून उपयोग नाही. तिला पोचवायला येणाऱ्या भावालाही त्याच वेळी व्हिसा मिळाला, तरच ती विमानतळाच्या दारातून आत जाऊ शकेल. एकाचा आला आणि दुसऱ्याचा राहिला, तर दोघंही घरीच.

साहेब, रुग्णाच्या सोबत्याची सोय आपण केलीच आहे. तशीच सोय शिकायला येणाऱ्या मुलीसाठी करा. भावाचा अर्ज तिच्या अर्जाला जोडून घ्या, दोन्हींची तपासणी एकत्र होऊ द्या, निकालही एकाच दिवशी द्या. तपासणी हवी तेवढी कडक करा. भाऊ महिनाभर राहून परत जाईल, तशी अट घाला. मुलगी मात्र राहील आणि शिकेल.

व्हिसाच्या निर्णयात गृह मंत्रालयाचाही वाटा असतो, हे मला ठाऊक आहे. पण काबूलचा दूतावास आपल्या खात्याचा आहे. म्हणून आणखी एक विनंती. कॉलेजने हजर होण्याची जी तारीख दिलेली असते, तिच्याआधी उत्तर मिळावं. नकार असेल तर नकार, पण लेखी आणि वेळेत. उत्तर नसलं की दलालांचं फावतं. या भावंडांकडून एका दलालाने "मी आतून करून देतो" म्हणून पैसे घेतले आणि फोन बंद केला. ते पैसे आईने बांगड्या विकून उभे केले होते. दूतावासाने दरी आणि पश्तू या अफगाण भाषांत अर्जाची अधिकृत साइट कोणती, शुल्क किती आणि कागद कोणते लागतात हे ठळकपणे सांगितलं, तर अशी फसवणूक बरीच कमी होईल.

आपल्या सांस्कृतिक संबंध परिषदेने अफगाण विद्यार्थ्यांना ऑनलाइन अभ्यासासाठी शिष्यवृत्त्या देऊ केल्या, ते फार चांगलं झालं. पण वीज आणि इंटरनेट टिकेल तेवढाच तो अभ्यास. शिवाय या मुलीला प्रयोगशाळेत उभं राहून काम करायचंय.

जूनपासून वरची पूर्वेकडची खोली मी रिकामी ठेवते आहे. दोघं आली की सी फॉर्म त्याच दिवशी भरीन, आणि ट्रंक माळ्यावरून भावाकडूनच उतरवून घेईन. मला आता ती उचलवत नाही.

आपली नम्र,
कोंढवा, पुणे येथील एक घरमालकीण