नंबर कुठं आहे?

उमरगा,
भाऊबीजेनंतरचा रविवार

चि. मनूस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तू सकाळच्या गाडीनं गेलीस ती न जेवता. आईनं बांधलेल्या शेंगाच्या पोळ्या ओट्यावरच राहिल्या. त्या मीच खाल्ल्या आणि आता पित्त झालंय म्हणून बोलणीही मीच खातोय. फोन केला की तुझा ‘नंतर करते’ असा मेसेज येतो. व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं तर तू नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हा कागद.

भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. ‘अण्णा, हे तुमचं पासपोर्ट फोटोचं दुकान नाही,’ असं तू म्हणालीस. नाहीच ते. पण मी काय विचारलं होतं? नंबर कुठं आहे, एवढंच. बाप काहीतरी चांगलं बोलेल म्हणून तू लॅपटॉपवर तुझ्या फोटोंची वेबसाइट माझ्यापुढं धरलीस आणि मी फोन नंबर विचारला, याचा तुला राग आला हे कळतं मला. असो. नंबरचा विषय या पत्रात काढणार नाही.

तू गेल्यावर वेबसाइट सावकाश बघितली. आधी माझ्या मोबाइलवर, मग बंटीच्या, मग झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर. फोटो चांगले आहेत. तुळजापूरच्या नवरात्रातली ती आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, पेटत्या पोताच्या उजेडात अर्धाच चेहरा. असा फोटो मला जन्मात जमला नाही. अप्पा असते तर दुकानाच्या शोकेसमधला माझा एखादा उतरवून त्यांनी हा लावला असता, आणि मला वाईटही वाटलं नसतं. थोडं वाटलं असतं.

पण मने, ती आराधीण माझ्या मोबाइलवर वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी आली. आधी काळोख, मग पोत, मग कपाळ. चहा संपला तरी हनुवटी यायची होती. दुकानात नेटवर्कच्या दोनच कांड्या असतात हे तुला माहीत आहे. बंटीनं तपासलं, तर फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलाय, पंधरा एमबीच्या वर. कशाला एवढा? लांब बाजू २००० पिक्सेल केली तरी पडद्यावर तसाच दिसतो आणि चारपाचशे केबीत बसतो. वेबपी या फॉरमॅटमध्ये केलास तर आणखी हलका होतो. खालचे फोटो माणूस खाली सरकेल तेव्हाच उघडतील अशी सोय असते म्हणे, तीही कर. पुण्यात तुझ्या खोलीत वायफाय धावतं, पण लग्न ठरलेलं पोरगं तुझी वेबसाइट एस.टी.त बसून उघडतं, नळदुर्गच्या घाटात.

दुसरं रंगाचं. त्या निलंग्याच्या नवरीचा शालू तुझ्या लॅपटॉपवर कुंकवासारखा होता, माझ्याकडं विटकरी झाला. मला वाटलं माझा मोबाइल जुना. बंटीच्या नव्यावरही तेच. अल्बम छापणाऱ्या लॅबमधल्या पोराला विचारलं, तो म्हणाला, फोटो ॲडोब आरजीबी या रंगपद्धतीत असेल आणि चढवताना रंगाची माहिती, म्हणजे प्रोफाइल, गळालं असेल, तर रंग असा मरतो. एसआरजीबीत करून टाक. रंगाच्या बाबतीत तू माझ्यापेक्षा चोखंदळ, म्हणून हे जास्त टोचलं.

आता जरा रागावतो. बत्तीस नवऱ्या मोजल्या. सगळ्या खिडकीत बसून मेंदीकडं बघतायत. एक चांगली आहे, उरलेल्या तिच्या जावा. अप्पा रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळे फोटो बारके करून एकाच कागदावर, काढायचे आणि लाल पेन्सिल माझ्या हातात द्यायचे. छत्तीसमधले चार ठेव म्हणायचे. मी आठ ठेवले की शीट परत. ‘आठ आवडले म्हणजे तू बघितलंच नाहीस.’ तू विसापर्यंत ये. आणि ते फोटो आपोआप सरकतात ते बंद कर. माणूस चेहऱ्यावर जरा थांबला की फोटो निघून जातो. मजकूर काळ्यावर करडा आणि तोही सुईसारखा बारीक. माझा चष्मा नवा आहे तरी दिसला नाही. ‘अबाऊट’ त्या तीन आडव्या रेघांच्या आत लपवलंय, ते आईला सापडेना. ती म्हणाली, ‘लेकरू काय करूलालंय ते लोकाला कसं कळावं?’

‘अबाऊट’मध्ये तुझा फोटो आहे तो कॅमेरा तोंडापुढं धरलेला. सगळे फोटोग्राफर असाच का टाकतात? ज्या घरात तू तीन दिवस वावरणार, नवरीच्या खोलीत जाणार, त्या घराला तुझं तोंड बघू दे की. (आईलाही बघायचंय, पण ते वेगळं.)

हे फार झालं. पत्राचा निबंध व्हायला लागला. तुला धंदा शिकवायचा माझा हेतू नाही, आणि तुझ्या धंद्यातलं मला निम्मं कळत नाही. तू माझ्यापुढं गेलीस हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. पासपोर्ट काढायला आलेला माणूस तुझे फोटो बघूनच बाहेर पडतो, घाईत असला तरी. परवा एका तलाठ्याला दाखवत होतो. तो म्हणाला, छान आहेत, आमच्या भाचीचं लग्न आहे माघात, यांना फोन लावा. म्हटलं, मी देतो नंबर. तो म्हणाला, यावर कुठं दिसत नाही.

बघ, आला परत. मी काढला नाही, तलाठ्यानं काढला.

पाण्याच्या रेल्वेचा फोटो तू अगदी शेवटी टाकलायस, खाली फक्त ‘३७’. तो पहिला यायला हवा. तू कॉलेजात होतीस, माझा जुना निकॉन घेऊन लातूरला गेलीस, उन्हानं घामोळ्या घेऊन आलीस. मिरजेहून पहिली गाडी आली ती १२ एप्रिल २०१६ ला, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. तुझ्या फोटोत गाडी जेमतेम दिसते. पुढं ती बाई कमरेवर रिकामी घागर घेऊन उभी, आणि गाडीकडं न बघता तुझ्याकडं बघतेय. हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? त्याला ती रेल्वेफाटकावरची कुठलीही बाई. खाली ‘लातूर, एप्रिल २०१६’ एवढं लिही. राजा दीनदयाळ निजामाचे फोटोग्राफर होते, त्यांच्या कितीतरी प्रिंटांवर नंबरासोबत जागेचं नाव असतं. म्हणून आज तो वाडा कुठला, ती कमान कुठली हे सांगता येतं. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्यात. आणि गूगलही फोटो कशाचा हे ठरवताना आजूबाजूचा मजकूर, फोटोचं नाव, फोटोमागं लिहून ठेवायचं वर्णन, तो ऑल्ट टेक्स्ट का काय, ते धरतं. तुझ्या फोटोंची नावं ‘डीएससी ४५१२’. हे कोण शोधणार? मजकूर मराठीतही हवा. गिऱ्हाईक आपल्याकडचं आणि पाटी सगळी इंग्रजीत.

तुला सास्तूरच्या माणसाचं सांगितलंय का मी? दादाला सांगितलंय, तुला बहुतेक नाही. तू नव्हतीस तेव्हा. १९९३ चं विसर्जन झालं, त्या रात्री आम्ही मिरवणुकीचे फोटो काढून उशिरा घरी आलो. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. ३० सप्टेंबर. आपली भिंत तडकली, तिकडं किल्लारी, सास्तूर, सगळी दगडमातीची घरं माणसांवर बसली. पुढं महिनाभर दुकानात येणारे लोक वेगळेच. कुणी लग्न करायला नाही, कुणी नोकरीच्या अर्जाला नाही. एकानं खिशातून फोटो काढला, मातीनं खरवडलेला, कोपरा गेलेला. जावळाचा ग्रुप फोटो. मागं आपल्या दुकानाचा जांभळा शिक्का होता, बसस्टँडसमोर, उमरगा. त्या शिक्क्यावरून तो आला. त्याला त्यातली फक्त बायको हवी होती, मोठी करून.

अप्पांनी रजिस्टर काढलं. गाव, नाव, तारीख, निगेटिव्ह नंबर. पाकीट सापडलं. तिचा चेहरा निगेटिव्हवर हरभऱ्याएवढाही नव्हता. मी एनलार्जर वर चढवत गेलो तसे नुसते दाणे दिसायला लागले, इंदूच्या फोटोपेपरवर डोळे आणि डोळ्यांच्या जागा यांत फरक कळेना. अप्पांनी पेन्सिलनं थोडं सावरलं, मग थांबले. जास्त केलं तर दुसरीच बाई होईल म्हणाले. तो माणूस ओल्या प्रिंटकडं बघून म्हणाला, हीच. वाळूसुद्धा दिला नाही. आमच्या शिक्क्यावर तेव्हा फोनही नव्हता, पत्ता होता. तो पत्ता नसता तर तो माणूस कुठल्या दुकानात गेला असता, मला माहीत नाही. बरेच लोक तसे दुकानादुकानांतून फिरत होते, हातात मागं कोरा असलेला फोटो घेऊन.

तुझ्या वेबसाइटवर एक फॉर्म आहे. नाव, ईमेल, निरोप. मागच्या सोमवारी मी बंटीच्या फोनवरून भरला. ‘एक गिऱ्हाईक, मु. पो. उमरगा, मुलीचं लग्न आहे, भाव कळवावा.’ आजतागायत उत्तर नाही. तो स्पॅममध्ये पडलाय, का कुठंच पोचत नाही, का तू बघून सोडून दिलास, यातलं कुठलं ते बघ. असे किती लोक भरून वाट बघत असतील कोण जाणे. एक व्हॉट्सॲपचं बटण ठेव, नंबर ठळक, प्रत्येक पानाच्या खाली. भाव नको लिहूस, पण ‘इथून पुढं’ असा एक आकडा दे. भाव विचारायला लाजणारा माणूस परत येत नाही, हे काउंटरवर बसून शिकलोय.

तू म्हणशील, नंबर टाकला की रात्री-अपरात्री कुणीही फोन करतं, एकट्या मुलीला. तू म्हणालीसही होतीस, मी ऐकलं नाही. खरंय. मग दुसरं सिमकार्ड घे, कामाचं, रात्री नऊनंतर बंद. पण मला जो फोन हवाय तो चालू ठेव. वरात रात्री दोनला संपते, तू कॅमेऱ्याची बॅग पाठीवर टाकून स्कूटीवर निघतेस, कात्रजकडं ट्रक. आई झोपत नाही. मी झोपतो असं तिला वाटतं.

एक कायद्याची गोष्ट, कोर्टातले वकीलसाहेब फोटोला आले होते त्यांनी सांगितलेली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात आहे. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे त्या बत्तीस नवऱ्यांच्या घरून हरकत आली तर तू काय दाखवणार? बुकिंगच्या कागदावर एक ओळ घाल, सही घे. लहान मुलांचे फोटो आई-बापांना विचारून. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत जागेचं लोकेशन असतं, ते काढून टाक. कुणाच्या घराची वाट आपण का दाखवायची?

पुरे. बाकी दादाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन नीट झालं. म्हैस विकली नाही, तुझ्या आईनं विकू दिली नाही. आत्याचा फोन आला होता, तुला ‘बघायला’ म्हणून कुणी यायचंय असं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं तिला वेळ नाही, सीझन आहे. आईला हे सांगू नकोस.

तुझा,
अण्णा

ता. क. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या असं तू दसऱ्याला म्हणाली होतीस. करायच्या असतील तर तुळशीच्या लग्नाच्या आत सांग, दुकानाचं रंगकाम काढलंय, पेट्या हलवाव्या लागतील. रजिस्टरं कुठं द्यायची नाहीत, इथंच बसून कर. वेबसाइटच्या नावाचे वर्षाचे पैसे संपत आले असतील तर तेही कळव, मी भरतो. फोनवर कळव.