गुडघ्यालगत मोडलेलं हाड तुमच्या यादीत 'साधं' कसं?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कृत्रिम गुडघ्यांची स्वतंत्र नोंदवही सुरू करू, म्हणजे कोणता सांधा कुणाला बसवला आणि पुढे त्याचं काय झालं हे लिहून ठेवू, असा शब्द आपण दिला होता. नोंदवही आली नाही. आलं ते उपचारांच्या मंजुरीचं परिपत्रक, आणि त्यात कृत्रिम सांध्यालगतचं फ्रॅक्चर 'मांडीच्या हाडाचं साधं फ्रॅक्चर' या रकान्यात ढकललंय. मसुदा करणाऱ्या साहेबांनी असा एक्स-रे एकदा तरी उजेडासमोर धरला होता का?

बहुतेकदा मोडतं ते मांडीचं हाड, त्याच्या टोकावर बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या धातूच्या टोपीच्या लगेच वर. खालचा तुकडा इतका आखूड, की स्क्रूला धड पकड मिळत नाही. त्यात हाड ठिसूळ. पहिला प्रश्न असतो, सांधा हाडाला घट्ट आहे की सुटलाय? घट्ट असेल तर लॉकिंग प्लेट (स्क्रू जिच्यातच घट्ट अडकतात अशी पट्टी), नाहीतर हाडाच्या पोकळीत गुडघ्यातून वर सरकवलेला रॉड. सुटला असेल तर तो काढून लांब दांड्याचा नवा सांधा. हाडच उरलं नसेल तर मांडीचं खालचं टोक बदलायचं. सांधा सुटलाय हे कधीकधी ऑपरेशनच्या टेबलावरच कळतं, म्हणून दोन्ही तयाऱ्या हाताशी लागतात. आपल्या 'साध्या' रकान्यात मंजुरी एका प्लेटची. बाकीचं नातेवाइकांनी मध्यरात्री पळापळ करून आणायचं, असंच ना?

रॉडची तर आणखी गंमत. तो टोपीच्या मधल्या खाचेतून जातो. काही मॉडेलांत ही खाच बंद असते, काहींत अरुंद. म्हणजे आधीच्या सांध्याची कंपनी, मॉडेल, साइझ माहीत हवं. ते सगळं खोक्यातल्या स्टिकरवर छापलेलं असतं. स्टिकर केसपेपरवर चिकटतो, केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये जातो, तिथून रद्दीत. एक जादा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावायला कोणती समिती नेमायचीय?

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असं नाही. हाड जुळायला तीन-चार महिने सहज जातात. तोवर मांडीचा स्नायू वाळतो, गुडघा आखडतो. हाड वाकडं जुळलं तर सांध्यावर भार एका बाजूने पडून त्यातलं प्लास्टिक लवकर झिजतं. जुळलंच नाही तर प्लेट थकून तुटते, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा जंतुसंसर्गाची भीती. अनेकांच्या हातातली काठी किंवा वॉकर कायमचा राहतो. म्हाताऱ्या रुग्णांत वर्षभरातले मृत्यू खुब्याच्या फ्रॅक्चरच्या तोडीचे असतात. फिजिओथेरपी मात्र आपल्या परिपत्रकात 'आवश्यकतेनुसार'. आवश्यकता कोण ठरवणार, बिलं तपासणारा कारकून?

धोका कुणाला, हे काही गुपित नाही: ठिसूळ हाडं, आमवातासारखा संधिवात, वर्षानुवर्षं स्टेरॉइड, दुसऱ्यांदा बदललेला सांधा. (टोपी बसवताना करवतीने हाडाच्या पुढच्या बाजूला खाच पडली तर किती धोका वाढतो, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. नोंदवही असती तर आपणही त्यात दोन शब्द बोलला असता.) तरी सांधा बसवण्याआधी हाडांची घनता तपासण्याची सक्ती कुठेच नाही. स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. आपल्याकडे मोजतात ती किती सांधे बसवले तेवढी. किती मोडले हे विचारणाऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावतात. फीत कापायला जो तो पुढे, मोडलेल्या हाडाचा वाली कोणी नाही.

या फ्रॅक्चरला वेगळा रकाना द्या, मंजुरीत दोन्ही तयाऱ्या धरा, फिजिओथेरपीचे आठवडे आकड्यात लिहा. स्टिकरचा आदेश तर एका ओळीचा आहे. मसुदा आम्ही लिहून देतो. सही तेवढी आपली लागेल.

आपला,
कृत्रिम गुडघ्याच्या रुग्णांतर्फे एक करदाता