देवमासे किनाऱ्यावरूनही दिसतात

महोदय,

हंपबॅक देवमाशांच्या स्थलांतराच्या बातमीसोबतचे छायाचित्र बहुधा बोटीवरून टिपलेले असते. त्यामुळे भर समुद्रात गेल्याशिवाय ते दिसतच नाहीत, असा समज होतो. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातील केप बायरनसारख्या उंच भूशिरावरून, अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रातून पिलांना जन्म देण्यासाठी उत्तरेच्या उबदार पाण्याकडे जाणारे आणि पुढे परतणारे हे देवमासे मे ते नोव्हेंबरदरम्यान साध्या दुर्बिणीतूनही चांगले दिसतात. आधी पांढऱ्या तुषारांचा झोत उडतो, मग काळी पाठ कमानीसारखी वाकते आणि खोल बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर येते. त्यानंतर काही मिनिटे नुसती वाट पाहायची, हे उतावळ्याचे काम नव्हे. (या भूशिराजवळच्याच बायरन बे गावी १९६२ पर्यंत देवमाशांच्या शिकारीचे केंद्र होते, हे आज खरे वाटत नाही.)

तेथे बोटींना १०० मीटर आणि सोबत पिलू असल्यास ३०० मीटर अंतर राखावे लागते. तरीही परतीच्या वाटेवर, स्वतः जवळजवळ उपाशी राहून पिलांना पाजणाऱ्या माद्यांमागे इंजिने घरघरवत जाणे मला अन्यायाचे वाटते. पर्यटन विभागांनी बोटींच्या सहलींइतकीच प्रसिद्धी किनाऱ्यावरील निरीक्षणस्थळांनाही द्यावी.

– एक वाचक