‘जैवसक्रिय’ भरणाचा अर्थ

महोदय,

दात भरण्याच्या नव्या साहित्याला ‘जैवसक्रिय’ हे विशेषण हल्ली सर्रास लावले जाते आणि किडलेला दात त्यामुळे पुन्हा उगवून येतो की काय, अशी रुग्णांची समजूत होते. दंतवैद्यक शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे या शब्दाबद्दल चार ओळी लिहाव्याशा वाटल्या.

भरलेला दात पुन्हा बिघडतो तो बहुधा भरणाच्या कडेपाशी. प्रकाशाने घट्ट होणारे कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे राळयुक्त भरण, कडक होताना आकारमानाने साधारण दोन ते तीन टक्के आकसते, त्यामुळे कडेला सूक्ष्म फट राहू शकते, आणि तिथे जंतूंनी तयार केलेल्या आम्लाने सामू (आम्लतेचे माप, pH) ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, विरघळू लागते. जैवसक्रिय साहित्याने नेमक्या याच जागी कॅल्शियम, फॉस्फेट किंवा फ्लोराइड सोडावे आणि गेलेले खनिज काही अंशी भरून काढावे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. ती नवीही नाही. अमेरिकी संशोधक लॅरी हेंच यांनी हाडाशी सांधणारी काच १९६९ मध्ये बनवली, आणि फ्लोराइड सोडणारे ग्लास आयनोमर सिमेंट तर १९७० च्या दशकापासून आम्ही वापरतो आहोत.

अडचण अशी, की जे साहित्य क्षार सोडते ते त्या प्रमाणात स्वतः झिजते. ते बळकट करावे तर क्षार कमी सुटतात, आणि क्षार भरपूर सुटू द्यावेत तर चावण्याचा भार पेलवत नाही. शिवाय फ्लोराइडचा भर पहिल्या काही दिवसांतच असतो, पुढे तो बराच ओसरतो. जाहिरातीत मात्र पहिल्या आठवड्याचाच आलेख दिसतो.

या शब्दाला खरी पात्रता मिळाली ती दाताच्या नसेपाशी. नस उघडी पडली असता तिच्यावर कॅल्शियम सिलिकेटचे सिमेंट लावले, तर तिच्यातील पेशी स्वतःच डेंटिनचा (एनॅमलच्या आतल्या कठीण थराचा) पडदा तयार करू शकतात, आणि योग्य निवडलेल्या दातांत रूट कॅनाल टळते. १९९० च्या दशकात आलेल्या एमटीए या अशाच सिमेंटाला घट्ट होण्यास पावणेतीन तास लागत. नंतरच्या काही सिमेंटांना बारा मिनिटे पुरतात.

म्हणून अशा साहित्याची बातमी देताना ते कोणते क्षार, किती काळ सोडते आणि हे प्रयोगशाळेत दिसले की रुग्णांच्या तोंडात, एवढा तपशील आपल्या वार्ताहरांनी उत्पादकांकडून मागून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दंतवैद्यक शिक्षक