बाहेरून खोली, आतून वाडा

संपादक महोदय, स. न.
बाहेरून लहान आणि आतून मोठी खोली म्हणजे निव्वळ गप्पा असं म्हणून लोक हसतात, पण आइनस्टाइनच्या १९१५च्या थिअरीप्रमाणे वस्तुमानामुळे जागाच वाकते, त्यामुळे पृथ्वीच्या पृष्ठफळावरून शाळेतल्या सूत्राने त्रिज्या काढली तर खरी त्रिज्या त्याहून साधारण दीड मिलिमीटर जास्त भरते, म्हणजे आपली पृथ्वीच आतून किंचित मोठी आहे की हो! १९९९ मध्ये व्हॅन डेन ब्रोक या भौतिकशास्त्रज्ञाने तर बाहेरून अणूपेक्षा बारीक पण आत अख्खं यान मावेल असा वाकलेल्या जागेचा बुडबुडा कागदावर मांडला, फक्त त्याला निगेटिव्ह एनर्जी, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा, लागते आणि ती एवढ्या प्रमाणात आणायची कुठून हे कोणालाच ठाऊक नाही.
ती मिळाली तर मला फक्त असा आतून मोठा माळा हवाय. आमच्या माळ्यावर दोन गाद्या, आजीचा पितळी बंब आणि गणपतीचं मखर एवढ्यातच दार लागत नाही, रोज खांद्याने रेटावं लागतं. पण बंबाचं वजन काही कमी होणार नाही, तेव्हा स्लॅबची काळजी आहेच. आणि बिल्डर कार्पेट एरिया आतला लावणार की बाहेरचा?
– एक वाचक, डोंबिवली