बुशातलं घर

स्प्रिंगवुड, ब्लू माउंटन्स, ऑस्ट्रेलिया
२२ नोव्हेंबर

प्रिय मंग्या,

तुझा फोन दोनदा येऊन गेला, उचलला नाही. रागावू नकोस. दोन्ही वेळा मी आर्किटेक्टबाईंसमोर बसलो होतो, आणि दोन्ही वेळा भांडत होतो.

प्लॉटचे फोटो तू पाहिलेस. मागे उतार, उतारभर युकॅलिप्टसचं रान. इथे त्याला 'बुश' म्हणतात, पण झाडं आभाळाला टेकलेली. माझा हट्ट असा की घर उताराच्या अगदी कडेला हवं. खिडकी उघडली की फांदीला हात लागला पाहिजे. बाईंनी विचारलं, "आग कुठून येणार?" उत्तरही त्यांनीच दिलं. खालून. वणवा चढावर धावतो, दर दहा अंश चढाला त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे माझी लाडकी खिडकी नेमकी त्याच्या तोंडाशी! २०१९-२० चा उन्हाळा आम्ही इथेच काढलाय, तो धूर अजून नाकात आहे. मी गप्प बसलो. घर रस्त्याकडे सरकलं.

आमच्या जागेला 'बाल-२९' (बुशफायर अटॅक लेव्हल) हा दर्जा मिळालाय. वणव्याची आच किती लागेल त्यावरून हा आकडा ठरतो आणि काच, लाकूड, दारं सगळं त्याबरहुकूम. उघडणाऱ्या खिडक्यांना धातूची जाळी, भोक दोन मिलिमीटरपेक्षा मोठं नको. का, तर घरं बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. परवा अंगणातल्या अँगोफोराच्या झाडाखाली उभा होतो. सध्या ते साल टाकतंय, आतून केशरी-गुलाबी खोड निघतंय, बघत राहावं असं. खाली पडलेली सालपटं दालचिनीसारखी वळलेली, मुठीत दाबली की पापडासारखी मोडतात. हीच पन्हळीत साचतात आणि एका ठिणगीची वाट बघतात. म्हणून पन्हळीवरही जाळी. झाड मात्र ठेवलंय. त्याच्यासाठी नकाशा दोनदा बदलला. (त्याचे पैसे वेगळे लागले, बायकोला सांगू नकोस.)

आईचा वास्तुशास्त्राचा गुंता निराळाच. तिला स्वयंपाकघर आग्नेयेला हवं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो गं, म्हटलं, तर म्हणाली, "दिशा काय सूर्याला विचारून ठरतात?" बैठकीची खोली उत्तरेला काढलीय. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेहेतीस अंश वर असतो, त्याचं ऊन आतपर्यंत येईल. डिसेंबरात तो ऐंशीच्या आसपास चढतो, तेव्हा छपराची पुढे आलेली कड उन्हाला बाहेरच थोपवेल. ग्लेन मरकट या इथल्या नामांकित आर्किटेक्टची पत्र्याची लांबट, हलकी घरं बाईंनी दाखवली. मला ती बघून गुहागरच्या तुमच्या घराची आठवण झाली. तीच उघडी हवा, तेच छपराखालून बाहेर येणं.

तेव्हा आता मलाही पडवी हवीय. स्पॉटेड गमच्या लाकडाची. वणव्याला टिकणाऱ्या लाकडांच्या यादीत ते आहे. बाई म्हणतात दोन मीटर पुरे. मला वाटतं, तुमच्या ज्या पडवीत आजोबांचा झोपाळा लावून पुढे आपण चौघं पत्ते खेळायचो, ती यापेक्षा रुंद होती. एक कर, गुहागरला गेलास की टेप घेऊन पडवीची रुंदी मोज, आणि झोपाळ्याच्या कड्या भिंतीपासून किती अंतरावर आहेत तेही. शुक्रवारपर्यंत कळव, सोमवारी नकाशा कौन्सिलकडे जातोय.

तुझा,
सुध्या

ता. क. काकूंना नमस्कार. झोपाळा विकला तर नाही ना?