बाबांसाठी शुश्रूषागृह पाहायला जाण्यापूर्वी

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली शुश्रूषागृहांची माहितीपत्रके मी काळजीपूर्वक वाचली. इमारती प्रशस्त आहेत, बागा आहेत, एका ठिकाणी तर दर्शनी दालनात माशांची मोठी काचपेटी आहे. मात्र तुझ्या बाबांनी रात्री दोन वाजता लघवीला जाण्यासाठी घंटी दाबली तर किती वेळात कोण येईल, हे एकाही पत्रकात लिहिलेले नाही. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू लुळी आहे आणि स्मरणशक्तीही हल्ली साथ देत नाही. काही कमीजास्त झाले तर ते तुला येऊन सांगतील अशी आशा ठेवता येणार नाही. म्हणून प्रत्यक्ष पाहायला जाशील तेव्हा काय पाहावे आणि काय विचारावे, हे आयुष्यभर वॉर्डात काम केलेली बाई म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी तपासावा, असे अमेरिकेतले डॉक्टर अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडले: हाताशी साधने आणि माणसे काय आहेत, प्रत्यक्ष काम कसे होते आणि त्यातून रुग्णाचे पुढे काय होते. माहितीपत्रक पहिल्या अंगापाशीच थांबते, कारण फोटो त्याचाच काढता येतो. व्यवस्थापक तुला जे हिंडवून दाखवतील तेही बहुधा तेवढेच असेल. ते सौजन्याने पाहून घे आणि मग परवानगी घेऊन तिथल्या सर्वांत परावलंबी माणसापाशी जाऊन दोन मिनिटे उभा राहा. बोलत्या-चालत्या आणि ज्यांच्याकडे नातेवाइकांची नियमित ये-जा असते अशा वृद्धांची काळजी बहुतेक ठिकाणी बरी घेतली जाते. ज्याला बोलता येत नाही, कूस बदलता येत नाही आणि ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, त्याला कसे ठेवले आहे यावरून त्या संस्थेविषयी मत बनव.

त्या माणसाची नखे पाहा. ओठांच्या कोपऱ्यात कोरडी खपली धरली आहे का, ते पाहा. तोंडाची स्वच्छता सर्वांत आधी टाळली जाणारी कामगिरी आहे, आणि अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले की फुप्फुसाला सूज येते, त्यामुळे ही बाब केवळ टापटिपीची नाही. पाण्याचा पेला कुठे ठेवला आहे तेही बघ. डावी बाजू लुळी असलेल्या माणसाच्या डाव्या हाताला काठोकाठ भरलेला पेला आणि त्याच बाजूच्या कठड्याला गुंडाळलेली घंटी मी अनेकदा पाहिली आहे. सकाळी पेला भरल्याची नोंद झालेली असते, संध्याकाळी तो तसाच भरलेला उचलला जातो, आणि दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला की सगळे म्हणतात, वयच झाले आता.

बेडसोअरविषयी, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहून होणाऱ्या जखमांविषयी, जरा जास्त लिहिते, कारण शुश्रूषेचा कस तिथेच लागतो. माकडहाड, टाचा, खुबे आणि घोटे या हाडाजवळच्या जागांवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी आतून मरू लागते. लालसर झालेली जागा बोटाने दाबल्यावर क्षणभरही फिकट होत नसेल तर ती पहिली पायरी समजावी. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताला लागणारा ऊबदारपणा किंवा घट्टपणा हेच लक्षण. धोका किती आहे हे मोजण्यासाठी ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम यांनी केलेले कोष्टक १९८७ सालापासून वापरात आहे. त्यात संवेदना, ओलसरपणा, हालचाल, पोषण अशा सहा बाबींना गुण देतात. एकूण ६ ते २३ गुण असतात आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. ‘नव्या माणसाचा धोका तुम्ही कसा ठरवता आणि त्यानंतर काय करता?’ असे सिस्टरला विचार. तिने कोष्टकाचे नाव घेतले नाही तरी बिघडत नाही, पण कोणाला किती वेळाने वळवायचे, टाचा उशीने अधांतरी ठेवायच्या, ओले डायपर लगेच बदलायचे, हे तिच्या तोंडून न अडखळता यायला हवे. एअर बेड दाखवून ती थांबली तर समजून जा. हवेची गादी कूस बदलत नाही, माणसे बदलतात.

कूस बदलल्याचा तक्ता बहुतेक खाटांच्या पायथ्याशी टांगलेला असतो. तो नाव झाकून दाखवायला सांग. दर दोन तासांच्या रकान्यात दिवसभर एकाच शाईची, एकाच हाताची, सारख्या वळणाची सही असेल, तर तो तक्ता पाळी संपताना एका बैठकीत भरलेला आहे. तू दुपारी तीनला गेलास आणि पाचचा रकानाही भरलेला आढळला, तर पुढचे काही पाहायची गरजच उरली नाही. याउलट मध्येच ‘उलटी झाली, वळवले नाही, अर्ध्या तासाने वळवले’ असा खाडाखोडीचा शेरा दिसला, तर तिथे कोणीतरी खरोखर त्या खाटेशी गेले होते.

आकडे मागशील तेव्हा सावध राहा. सध्या किती जणांना बेडसोअर आहेत हे विचारलेस, तर त्यांतले किती जण ते घेऊनच दाखल झाले आणि किती जणांना ते इथे आल्यावर झाले, हेही लगेच विचार. रुग्णालयातून आलेले अतिशय आजारी लोक जी संस्था स्वीकारते तिचा आकडा स्वाभाविकपणे मोठा दिसतो आणि केवळ धडधाकट लोक निवडून घेणारी संस्था कागदावर उजवी ठरते. पडण्याबद्दलही तसेच. ‘आमच्याकडे वर्षभरात एकही जण पडला नाही’ असे कोणी अभिमानाने सांगितले तर मला तरी ती जागा नको. वृद्ध माणसे उठतात, चालतात, म्हणून कधीतरी पडतात. कोणीच पडत नसेल तर एक तर नोंद होत नाही किंवा त्यांना उठूच दिले जात नाही. मागच्या खेपेला कोण पडले आणि त्यानंतर काय बदलले, असे विचार. चांगल्या ठिकाणची सिस्टर उत्तर देताना चपलेचा प्रकार, रात्रीचा दिवा, रक्तदाबाची गोळी असे काहीतरी नेमके सांगते.

उठू न देण्याचे प्रकार दोन. एक डोळ्यांना दिसतो: खुर्चीला बांधलेला पट्टा, समोर अडकवलेला टेबल, खाटेच्या दोन्ही बाजूंना कायम वर केलेले कठडे. यामुळे माणूस सुरक्षित राहतो असा समज आहे, पण गोंधळलेला माणूस कठड्यावरून उतरू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो, आणि बांधून ठेवलेल्याचे स्नायू आठवड्यांत झिजतात. दुसरा प्रकार गोळीचा, आणि तो मला अधिक घातक वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरची औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली नव्या पिढीच्या औषधांबाबत आणि २००८ साली जुन्या औषधांबाबतही दिला. त्यापूर्वी, १९९१ साली, मार्क बीअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची पहिली यादी केली ती मुळात शुश्रूषागृहांतील रहिवाशांसाठीच होती. ही औषधे कधीच द्यायची नाहीत असे नव्हे. पण कोणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवसांसाठी आणि पुन्हा विचार केव्हा होणार, या प्रश्नांना उत्तर हवे. सकाळी अकरा वाजता दालनातले बरेच जण हनुवटी छातीला टेकवून झोपलेले असतील, तर त्याला शांत वातावरण म्हणू नकोस.

मनुष्यबळ विचारताना ‘एकूण कर्मचारी किती’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्यात माळीही मोजला जातो. रविवारी रात्री या मजल्यावर किती जण जागे असतात, त्यांच्यात प्रशिक्षित परिचारिका आहे का आणि मावश्या इथे किती महिन्यांपासून आहेत, ते विचार. सतत माणसे बदलतात तिथे बाबा कोणत्या कुशीवर झोपतात, कोणत्या वेळी चिडतात, हे लक्षात ठेवायला कोणी उरत नाही. एखाद्या मावशीला, ती पलंगाची चादर बदलत असताना, जवळच्या आजोबांविषयी सहज काही विचारून बघ. त्यांचे नाव, पूर्वीचा व्यवसाय किंवा एखादी आवड तिला सांगता आली, तर ती फार मोलाची खूण आहे.

दुसऱ्यांदा जाशील ते न कळवता, आणि जेवणाच्या वेळी. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने, दोन घासांत गिळायला अवधी देते का, खाणाऱ्याला ताठ बसवले आहे का आणि जेवण झाल्याझाल्या आडवे तर करत नाहीत ना, एवढे पाहा. बाबांना गिळताना ठसका लागतो, म्हणून हे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. बाकी वासाबद्दल लोक फार बोलतात; एखाद्या खोलीत तासाभरापुरता वास येणे साहजिक आहे, सगळ्या मजल्यावर मुरलेला वास मात्र वेगळा, आणि फिनेलचा उग्र दर्प त्याहून चांगला असतो असे मी मानत नाही.

करारपत्र घरी आणून वाच. तब्येत खालावली तर ते ठेवून घेतील की काढायला सांगतील आणि रुग्णालयात हलवण्याचा निर्णय कोणाला विचारून होईल, ही कलमे आधी शोध. दाखल करताना चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्रावर नाव घाल, कारण या तीन वस्तू हमखास हरवतात. पहिल्याच दिवशी त्यांचे वजन करून लिहून ठेवायला सांग आणि पुढे दर महिन्याला आकडा मागत राहा. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसात अनुक्रमे ३ आणि ६ किलो, तर कारण शोधल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

जागा पसंत पडली तर बाबांची लेखी शुश्रूषा-योजना ठरवण्यासाठी सिस्टर आणि डॉक्टर यांच्याबरोबर बैठक माग. मला प्रवास झेपणार नाही, पण फोनवरून मी हजर राहीन. बैठक शक्यतो दुपारी ठेव आणि त्यांच्या चालू औषधांची यादी मला आदल्या दिवशीच पाठव.

तुझी,
आई